पाखरांसाठी पेरलेले शेत : इंग्लंडमधील शिकार, जमीनदार आणि कुळे

१/ शेतात पीक उभे आहे, पण ते कापायला कोणीही येणार नाही. दाणे पिकून जागच्या जागी गळावेत, हाच पेरणाऱ्याचा हेतू आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बड्या जमीनदारांच्या इस्टेटींवर, झाडीच्या कडेने, असे पट्टे पेरले जात. ते असत फेझंट या पक्ष्यासाठी. या धाग्यात पाहू, त्या पेऱ्याची खरी किंमत कोणी मोजली.

२/ फेझंट मूळचा आशियातला, कोंबडीच्या जातकुळीतला, लांब शेपटीचा पक्षी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची अंडी घरच्या कोंबड्यांखाली उबवून हजारोंनी पिल्ले वाढवली जाऊ लागली. हे काम 'गेमकीपर', म्हणजे शिकारीचा राखणदार, पाही.

३/ एवढे पक्षी कशासाठी? मागच्या बाजूने काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या आणि शिकारीची रीतच पालटली. शिकारी एका रांगेत उभे राहत. हाकारे घालणारी माणसे रान उठवून पक्षी त्यांच्या डोक्यांवरून उडवीत. त्यासाठी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या झाडीत पक्षी असणे अत्यावश्यक होते.

४/ अडचण कायद्याची होती. मोकळा सोडलेला फेझंट कोणाच्याही मालकीचा नसे. तो उडून शेजारच्या इस्टेटीत गेला आणि तिथे मारला गेला, तर त्या जमिनीच्या मालकाचा होई. पक्ष्याला कुंपण घालता येत नाही. मात्र पोटापाण्याची सोय करून त्याला आपल्या हद्दीत रमवता येते. म्हणून कुट्टू आणि जेरुसलेम आर्टिचोक नावाचे कंद यांची लागवड होई. अन्नही मिळे, लपायला आडोसाही.

५/ परंतु पाखराला बांध कळत नाही. राखलेल्या पट्ट्यातून निघालेले फेझंट कुळाच्या शेतात उतरत. शिकारीसाठीच राखलेले ससे कोवळी रोपे कुरतडून टाकत. शिकारीचा हक्क जमीनदार बहुधा करारातच स्वतःकडे ठेवून घेई. त्यामुळे आपल्याच पिकात शिरलेला ससा मारणे हाही कुळाचा अपराध ठरे. खंड मात्र पुरा भरावा लागे.

६/ नॉर्फोकमधील सँड्रिंगहॅम इस्टेट १८६२ मध्ये युवराज अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, याच्यासाठी विकत घेतली गेली. शिकारीला उजेड अधिक मिळावा म्हणून तिथली घड्याळे अर्धा तास पुढे ठेवलेली असत! त्याच इस्टेटीवर लुईझा क्रेसवेल ही विधवा ॲपलटनचे शेत कसत होती. ससे आणि फेझंट यांनी पिकाची केलेली नासाडी तिने पुस्तकात मांडली. 'द लेडी फार्मर' या नावाने ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तोवर तिला शेत सोडावे लागले होते.

७/ कुळांचा असंतोष संसदेपर्यंत पोहोचला. ग्लॅडस्टन यांच्या सरकारच्या काळात, १८८० मध्ये, 'ग्राउंड गेम ॲक्ट' संमत झाला. जमीन कसणाऱ्याला तिथले ससे मारण्याचा हक्क मिळाला. खरी मेख पुढे होती : हा हक्क करारात लिहून देऊनही सोडता येत नसे, तसा करार निरर्थक ठरे. कूळ दुबळे असते आणि सही करायला भाग पाडले जाते, हे कायद्याने ओळखले होते.

८/ फेझंट मात्र या कायद्याबाहेर राहिला. शिकारीच्या पक्ष्यांनी व हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई विसाव्या शतकाच्या आरंभी कायद्यात आली. १९०८ च्या शेतजमीन कायद्यानुसार, नुकसान एकरी १ शिलिंगहून अधिक असेल तर कूळ ती मागू शके.

९/ शिकारीचा डामडौल तेवढ्याने थांबला नाही. १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशायरमधील हॉल बार्न येथे राजा पाचवा जॉर्ज सहभागी असलेल्या शिकारीत एका दिवसात ३,९३७ फेझंट पडले.

१०/ असे पट्टे ब्रिटनमध्ये आजही पेरले जातात, आणि हिवाळ्यात त्यातले दाणे इतर रानपाखरांनाही मिळतात. त्यांचा इतिहास वाचताना बंदुकीच्या बाजूने पाहणे सोपे असते, कारण मारलेल्या पक्ष्यांच्या संख्या वहीत काटेकोरपणे नोंदलेल्या असत. खाल्लेल्या पिकाचा हिशेब त्या वहीत नसे. तो कुळांच्या तक्रारींत आणि १८८० च्या त्या छोट्याशा कायद्यात शोधावा लागतो.