सेन्सॉरची कात्री आणि 'ब्रह्मचारी'तील किशोरी

१/ १९३८. 'ब्रह्मचारी' या मराठी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. सनातनी मंडळी संतापली, पण सेन्सॉरची कात्री चालली नाही. याच सेन्सॉरने पूर्वी एका ऐतिहासिक चित्रपटाला नाव बदलायला लावले होते. मग येथे सवलत कशी?

२/ १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे आली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते पोलीस आयुक्त! कोल्हापूरसारख्या संस्थानात तयार झालेला चित्रपटही मुंबईत किंवा तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर-तारापुरात दाखवायचा, तर प्रमाणपत्र हवेच.

३/ पोलिसी नजरेला शृंगारापेक्षा राजद्रोहाची धास्ती अधिक. म्हणून १९३० साली 'प्रभात'च्या 'स्वराज्य तोरण'चा 'उदयकाल' झाला आणि १९३५ साली 'महात्मा'चा 'धर्मात्मा'.

४/ स्त्रीच्या प्रतिमेची चिंता सरकारला होती, पण ती मुख्यतः गोऱ्या स्त्रीच्या. पाश्चात्त्य चित्रपटांमुळे 'नेटिवां'च्या नजरेत तिची, पर्यायाने साम्राज्याची, प्रतिष्ठा घटते, अशी ओरड होती. १९२७ साली नेमलेल्या रंगाचारियर समितीमागे हीच पार्श्वभूमी होती.

५/ मराठी प्रणयविनोदाला वाव मिळाला तो या फटीतून. आचार्य अत्रे यांची लेखणी, मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन. नायक औदुंबर ब्रह्मचर्याचे व्रत घेतो. किशोरी ते मोडायला निघते. येथे नायिका वाट पाहत बसत नाही, पुढाकार घेते. आणि हसे होते ते पुरुषाच्या व्रताचे, तिच्या इच्छेचे नव्हे.

६/ काळही अनुकूल होता. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि राजकीय सेन्सॉरशिप सैलावली.

७/ स्वातंत्र्यानंतर भीतीचे केंद्र बदलले. १९५१ साली केंद्रीय मंडळ, १९५२ साली नवा कायदा. राजद्रोहाची जागा संस्कृतिरक्षणाने घेतली आणि त्या संस्कृतीचा भार पडला नायिकेच्या खांद्यावर. १९३३ च्या 'कर्मा'त देविका राणी व हिमांशु राय यांचे चुंबन होते. पुढील दशकांत चुंबनाच्या जागी डुलणारी फुले आली. कथेची गरज असेल तर चुंबन कापू नये, हे खोसला समितीला १९६९ साली सांगावे लागले.

८/ परकीय सत्तेला 'स्वराज्य' हा शब्द खुपला, किशोरी खुपली नाही. तिचा धीटपणा तिला क्षुल्लक वाटला, म्हणूनच तो वाचला. स्वकीयांनी मात्र नायिकेकडे गांभीर्याने पाहिले, आणि तिचे स्वातंत्र्य आक्रसले. सेन्सॉरचा इतिहास वाचताना काय कापले याबरोबरच काय दुर्लक्षिले, हेही पाहावे.