लिग्नाइट खाणी आणि जमीन : सुरत जिल्ह्याचे उदाहरण

सुरत शहरातील उधना हा भाग कापडउद्योगासाठी आणि जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गासाठी ओळखला जातो. खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. याच सुरत जिल्ह्यातील मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे लिग्नाइटची उघडी खाण आहे. या परिसरातील लिग्नाइटवर नानी नरोली येथील ५०० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र उभारण्यात आले.

लिग्नाइट म्हणजे तपकिरी, अपरिपक्व कोळसा. त्यात ओलावा अधिक आणि उष्णता कमी असल्याने तो दूर नेण्यापेक्षा खाणीजवळच जाळणे परवडते. तो काढण्यासाठी वरची माती, चिकणमाती व शेलचे थर उपसावे लागतात. शेकडो वर्षांत घडलेली सुपीक माती वेगळी साठवली नाही, तर ती निकस थरांत मिसळून वाया जाते. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी भूजल उपसले जाते. त्यामुळे भोवतालच्या विहिरींची पातळी घटू शकते. लिग्नाइटसोबतची गंधकयुक्त खनिजे हवा-पाण्याच्या संपर्कात आल्यास आम्ल तयार होते. उघडा पडलेला लिग्नाइट आपोआप पेटण्याचाही धोका असतो.

याच खाणीने विज्ञानाला मोठा ठेवा दिला. वस्तानच्या थरांत ५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची वटवाघळे व आदिम वानरवर्गीय प्राणी यांचे जीवाश्म, तसेच राळेत अडकलेले कीटक सापडले.

गोव्यात खनिज निराळे, पण प्रश्न तोच. येथे एक टन लोहखनिजामागे साधारण दोन ते तीन टन टाकाऊ माती निघते. पावसाळ्यात तिचा गाळ ओहोळांतून शेतांत उतरतो. डिचोली, सत्तरी व सांगे तालुक्यांनी हे अनुभवले आहे. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील खाणी थांबवल्या. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले.

खाण बंद करण्याचा आराखडा आता कायद्याने बंधनकारक आहे. खनन झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. खड्डा बुजवणे, राखून ठेवलेली माती वर पसरणे आणि त्यावर हिरवळ रुजवणे, या क्रमाने काम झाले तरच जमीन पुन्हा उपयोगाची होते. खनिज एकदाच निघते. शेत मात्र पिढ्यानपिढ्या पिकत असते.