बैलाचे शिकणे आणि शर्यतीचा कायदा : मुरबाड-शहापूर परिसराच्या संदर्भात एक विचार

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे भातशेतीचे तालुके होत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल पारखताना शेतकरी केवळ दात व खांदा पाहत नाही. तो औताला शिकलेला आहे काय, हेही पाहतो. म्हणजेच जनावराच्या पूर्वानुभवालाही मोल असते. हा पूर्वानुभव कसा घडतो आणि कायद्याने त्याची दखल कितपत घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. समाधान देणारी कृती दृढ होते व त्रास देणारी क्षीण होते, हा ‘परिणामाचा नियम’ त्यांनी १९११ मध्ये मांडला. मात्र बक्षिसाइतकी शिक्षा प्रभावी ठरत नाही, अशी दुरुस्ती त्यांनी १९३२ च्या सुमारास स्वतःच केली. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात वर्णिलेल्या उंदरांच्या प्रयोगांतही शिक्षेने वर्तन तात्पुरतेच दबल्याचे आढळले.

वेदना थांबणे हाही एक परिणामच होय. पराणी टोचताच खोंड पाऊल उचलतो आणि टोचणी थांबते; यास मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. पुढे पराणी नुसती उगारली तरी तो चालू लागतो. याउलट पेंड वा चारा देऊन शिकविणे हे धन प्रबलन होय. दोन्ही रीतींनी शिकलेले बैल दिसण्यात सारखेच चालतात.

११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शनासाठी प्रशिक्षण देण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. शर्यतीत चाबूक व काठी यांच्या वापरास नियमांनी मनाई आहे.

तथापि, धावपट्टीवर चाबूक नसणे हा वेदनारहित शिकवणीचा पुरावा ठरत नाही. पूर्वी सोसलेल्या टोचणीच्या धास्तीनेही बैल धावू शकतो. म्हणून शर्यतीच्या दिवसाइतकेच गोठ्यातील व सरावातील शिकवणीकडे लक्ष पुरविणे आवश्यक आहे, असा निष्कर्ष निघतो.