मिठाचा भाव आणि आगरावरील मजुरी

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मीरा-भाईंदरचें जें शहर वसलें आहे, त्याच्या कडेनें मिठागरांच्या खुणा अद्यापि दृष्टीस पडतात. आगर या शब्दावरूनच आगरी समाजाचें नांव पडलें असें मानतात. अर्थशास्त्राचें पहिलें पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यास मीठ भेटतें तें मात्र निराळ्या रूपानें: भाव चढो वा उतरो, ज्याची मागणी हलत नाहीं अशा पदार्थाचें ठराविक उदाहरण म्हणून.

सरकारी तिजोरीस हा सिद्धांत पुस्तकाविनाच ठाऊक होता. 1882 सालीं मिठावरील कर हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत मणास 2 रुपये असा ठरला व 1888 मध्यें तो अडीच रुपये झाला. खाडीचें पाणी, ऊन आणि माणसाचे हात यांवर पिकणाऱ्या या जिनसेच्या उत्पादनखर्चाच्या ही रक्कम कित्येक पट होती. मार्च 1902 मध्यें व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं हा कर उतरविण्याची मागणी केली. पुढें 1903 मध्यें तो 2 रुपये, 1905 मध्यें दीड व 1907 मध्यें 1 रुपया झाला. आणि मिठाचा खप वाढला! श्रीमंताच्या ताटांतील मीठ करामुळें घटत नाहीं हें खरें. परंतु गरीबाच्या मडक्यांतील, त्याच्या गुरांच्या वैरणींतील, कोळ्याच्या सुक्या मासळींतील मीठ घटत होतें. सर्वांच्या मागणीची बेरीज करून एकच रेषा काढली म्हणजे कोणाची गरज मारली गेली तें त्या रेषेंत दिसत नाहीं. 1930 च्या सत्याग्रहीं वडाळ्याच्या आगरावर लोकांनीं लाठ्या खाल्ल्या त्याचें मर्म येथें आहे.

आतां मीठ पिकविणाऱ्याकडे वळूं. मजुरास मागणी असते ती त्याच्या मालास असलेल्या मागणीच्या पोटीं, असा नियम आहे. तेव्हां खप वाढला म्हणजे मजुरीही वाढावी. पण नियमाच्या या अर्ध्या भागावर थांबतां येत नाहीं. दुसरा अर्धा भाग मजुराच्या घरीं असतो. कोंकणांत भात कापून झालें, कीं पुढील पावसापर्यंत शेतमजुराचे हात रिकामे असतात, आणि आगराचा हंगाम नेमका तोच! ज्याला त्या महिन्यांत दुसरें काम नाहीं, तो पडेल त्या दरानें येतो. पावसाळ्यांत उचल घेतलेली असली तर दर बोलण्याचीही सोय राहत नाहीं. शिवाय परवान्यावांचून मीठ पिकविणें हा गुन्हा असल्यामुळें स्वतःचें आगर बांधून आगरमालकाशीं स्पर्धा करणें त्यास अशक्य होतें. 1864 मध्यें आगगाडी या खाडीवरून मुंबईस पोंचली. ज्यांस गिरणीची वाट धरतां आली त्यांची किंमत वाढली, आंतल्या रानांतील आदिवासीची नव्हे. 1947 मध्यें मिठावरील कर उठला तेव्हां गिऱ्हाइकाचा भार हलका झाला. मजुराचा रिकामा उन्हाळा जसाच्या तसा राहिला.

त्या उन्हाळ्यास हात घातला तो महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यानें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली ही योजना 26 जानेवारी 1979 पासून कायद्याच्या रूपानें अमलांत आली. तिची कसोटी किती खडी फुटली, किती बांध पडले, एवढ्यावरच लावतात, हें आम्हांस अपुरें वाटतें. गांवांत सरकारी दरानें काम मिळण्याची खात्री असेल, तर योजनेवर एक दिवसही न गेलेला मजूर मालकास ‘नाहीं’ म्हणूं शकतो, आणि दर तेथें हलतो. मात्र मागितलेलें काम वेळेवर मिळालें नाहीं, तर त्या ‘नाहीं’ला कांहींच किंमत उरत नाहीं. या खर्चासाठीं 1975 मध्यें व्यवसाय कर बसला. भाईंदरहून रोज मुंबईस जाणाऱ्या कारकुनाच्या पगारांतून तो कापला जातो. कशासाठीं, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल?

2011 च्या जनगणनेंत मीरा-भाईंदरची वस्ती 8 लाखांवर गेली होती. ज्या जमिनीवर इमारत उभी राहूं शकते तिच्यावर मीठ पिकविणें आतां महाग पडतें. मालकाच्या जमिनीस असा दुसरा उपयोग सांपडला आहे. आगरावरच्या मजुरास कोणता सांपडला, याचा हिशेब जमिनीच्या दरपत्रकांत नसतो.