चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

सहा प्रॉटेस्टंट चर्चसंघटनांच्या एकीकरणातून निर्माण झालेले भारतीय ख्रिस्ती चर्च. त्याची स्थापना नागपूर येथे ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. यूरोप-अमेरिकेत निरनिराळ्या काळी विभक्त झालेले पंथ येथे एका घटनेखाली आले. पंथभेदांचे मूळ कशात आहे आणि ते कितपत मिटू शकतात, या दोन्ही दृष्टींनी हे ऐक्य महत्त्वाचे आहे.

पंथभेदांचा उगम : पौर्वात्य ऑर्थोडॉक्स व रोमन कॅथलिक या चर्चांमधील फूट १०५४ पासूनची मानली जाते. पोपचा सर्वाधिकार हा तीतील एक प्रमुख वादविषय होता. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर याने पापक्षमापत्रांच्या विक्रीस विरोध केला व त्यातून धर्मसुधारणेचे आंदोलन उभे राहिले. मनुष्याचे तारण सत्कृत्यांनी नव्हे, तर ईश्वरी कृपेने व श्रद्धेच्या द्वारे होते आणि धर्माचे अंतिम प्रमाण बायबल हेच होय, ही प्रॉटेस्टंटांची समान भूमिका. रोमन कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. प्रॉटेस्टंट पंथ सामान्यतः बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मानतात.

चर्चचा कारभार कोणी पाहावा आणि बाप्तिस्मा कोणास द्यावा, या प्रश्नांवर मात्र प्रॉटेस्टंटांतही फाटे फुटले. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली; पण बिशपपदाची परंपरा राखली. स्कॉटलंडमध्ये कॅल्व्हिनचा अनुयायी जॉन नॉक्स याच्या नेतृत्वाखाली १५६० पासून प्रेसबिटेरियन पंथ रुजला. त्यात कारभार बिशपाकडे नसून पाळक व वडील यांच्या सभांकडे असतो. काँग्रिगेशनल पंथ प्रत्येक स्थानिक मंडळीस स्वायत्त मानतो. बॅप्टिस्ट, ब्रेदरन व डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या पंथांनी बालबाप्तिस्मा अमान्य केला. समजत्या वयात श्रद्धेची कबुली देणाऱ्यासच ते पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. जॉन वेस्ली (१७०३–९१) याच्या मेथडिस्ट पंथाचा भर अंतःकरणाच्या परिवर्तनावर व शिस्तबद्ध आचरणावर आहे.

नागपुरातील पंथ : भोसल्यांच्या राजवटीत, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. पाळकाच्या नेमणुकीत जमीनदारांचा हक्क नको, या आग्रहापायी १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून बाहेर पडलेल्या फ्री चर्चचा तो प्रतिनिधी. त्याच्या स्मरणार्थ हिस्लॉप महाविद्यालयाची स्थापना १८८३ मध्ये झाली. रोमन कॅथलिक कार्य संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) याच्या नावाच्या मिशनरी संघाने केले. हा संत जिनीव्हाचा बिशप. परंतु ते नगर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्याने त्यास आन्सी येथे राहावे लागले. जिनीव्हातील या वादाच्या दोन्ही बाजूंचे वारस पुढे नागपुरात शेजारी झाले. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ मध्ये, तर अँग्लिकन धर्मप्रांत १९०३ मध्ये स्थापन झाला.

मिशनांनी कार्यक्षेत्रे आपसांत वाटून घेतल्याने ख्रिस्ती कुटुंबाचा पंथ बहुधा त्याच्या जिल्ह्यावरून ठरे. अहमदनगरकडील ख्रिस्ती मुख्यतः काँग्रिगेशनल, नागपूरकडील पुष्कळसे प्रेसबिटेरियन, तर हरद्याकडील डिसायपल्सपंथीय होत. ज्या वादांत आपल्या पूर्वजांचा काही संबंध नव्हता, त्यांपायी भारतीय ख्रिस्ती विभागले जावेत, हे अनेकांना असह्य वाटू लागले.

ऐक्य : प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. व्यापक ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली. तीत अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स तसेच ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट सहभागी झाले. बिशपपद स्वीकारले गेले. पण त्याविषयी विशिष्ट सिद्धांत मानण्याचे बंधन घातले गेले नाही. बिशपासह पाळक-वडिलांच्या सभा व स्थानिक मंडळी यांनाही घटनेत स्थान मिळाले. बालबाप्तिस्मा व प्रौढ श्रद्धावंताचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय मान्य झाले. मात्र विवेकबुद्धीस न पटणारा विधी करण्याची सक्ती पाळकावर ठेवली नाही. सर्वांत नाजूक प्रश्न दीक्षेचा होता. तो परस्परांच्या मस्तकी हात ठेवून केलेल्या प्रार्थनेने सोडविण्यात आला. कोणाचीही पूर्वीची दीक्षा अवैध ठरविण्यात आली नाही. बिशप एरिक नासिर हे पहिले मॉडरेटर होत.

मर्यादा : अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट चर्चने १९७० मध्येच ऐनवेळी माघार घेतली, १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाले. रोमन कॅथलिक चर्च या योजनेत नव्हते. त्याचा नागपूर धर्मप्रांत १९७७ मध्ये महाधर्मप्रांत झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेले चर्च ऑफ साउथ इंडिया व केरळातील मार थोमा चर्च यांच्यासह १९७८ मध्ये संयुक्त परिषद स्थापन करण्यात आली. परंतु तिन्ही चर्चांचे अस्तित्व स्वतंत्र राहिले. नागपूरच्या ऐक्याने मतभेद पुसले गेले नाहीत. ते कायम ठेवूनही एका प्रभुभोजनास बसता येते, एवढे मात्र त्याने मान्य करविले.