यंत्र-खेळाडूंच्या संघांची निवड



खेळाचा संघ निवडावयाचा म्हणजे खेळाडूंना मैदानावर उतरवावें आणि कोण कसा खेळतो तें पाहावें, हा जगाचा जुना रिवाज आहे. आपल्याकडील कुस्तीच्या फडांत तर जोड लावणारा जाणता पंच पहिलवानाच्या अंगलटीवर एक नजर टाकून निर्णय देतो. परंतु ज्या स्पर्धेंत खेळाडू हाच मुळीं यंत्र आहे, आणि त्याचें खरें बळ अंगांत नसून त्याला दिलेल्या आज्ञावलींत दडलेलें आहे, तेथें निवड कशाच्या आधारें करावी? ‘रोबोकप’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्रमानवांच्या फुटबॉल-स्पर्धेपुढें हा प्रश्न आरंभापासून उभा आहे.

यंत्रांनीं फुटबॉल खेळावा ही कल्पना कॅनडांतील प्राध्यापक ॲलन मॅकवर्थ यांनीं १९९२ सालीं एका निबंधांत मांडली. तोंवर यंत्राच्या बुद्धीची कसोटी म्हणजे बुद्धिबळ, अशी समजूत होती. पण बुद्धिबळांतील सोंगटी खेळणाऱ्याची वाट पाहत स्वस्थ बसते. फुटबॉलचा चेंडू कोणासाठीं थांबत नाहीं. जपानांत मिनोरू असादा, यासुओ कुनियोशी आणि हिरोआकी कितानो या तिघांनीं १९९३ च्या जून महिन्यांत ‘रोबोट जे-लीग’ या नांवानें स्पर्धेची योजना जाहीर केली. त्याच वर्षीं त्या देशांत धंदेवाईक फुटबॉलची ‘जे-लीग’ सुरू झाली होती, तिच्यावरून हें नांव घेतलेलें. परदेशांतील संशोधकांनीं ‘आम्हांलाही घ्या’ असा आग्रह धरला आणि योजनेला जागतिक रूप आलें. १९९६ च्या नोव्हेंबरांत ओसाका येथें रंगीत तालीम झाली; तीत संगणकाच्या पडद्यावर खेळणारे आठ संघ होते. पुढच्या ऑगस्टमध्यें नागोया येथें पहिली स्पर्धा भरली, तेव्हां संघांची संख्या चाळिसाच्या वर गेली होती. २०५० सालापर्यंत यंत्रमानवांच्या संघानें त्या वेळच्या मानवी जगज्जेत्यांना हरवावें, असें ध्येयही ठरविण्यांत आलें. नागोयांतील खेळ पाहणाऱ्यांस मात्र तें ध्येय फार दूरचें वाटलें असल्यास नवल नाहीं. मध्यम आकाराच्या यंत्रांच्या विभागांत ओसाका व दक्षिण कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांना विजेतेपद वांटून द्यावें लागलें, आणि कित्येक यंत्रांना तर चेंडू ओळखतां येणें हाच पराक्रम होता.

स्पर्धेचा बोलबाला झाला तशी गर्दी वाढली, आणि चाळणी लावणें प्राप्त झालें. देशोदेशींच्या संघांत आधीं पात्रतेचे सामने खेळवावे, तर नाजूक यंत्रें घेऊन समुद्र ओलांडण्याचा खर्च विद्यापीठांना कोठून झेपावा? म्हणून निवड कागदावर आली. संघानें आपल्या पद्धतीचें वर्णन करणारा एक निबंध लिहावा. शिवाय यंत्र चालतें, पाहतें व चेंडू मारतें याचें चित्रण पाठवावें, आणि कित्येक विभागांत तें कोठेंही न कापलेलें असावें. पडद्यावरील संघानें आपल्या सामन्यांची नोंद सादर करावी. हें सर्व एका तांत्रिक समितीनें तपासावें. या समितीवर बहुधा ज्यांचे स्वतःचे संघ स्पर्धेंत उतरतात असेच पंडित असतात. दुसरे जाणते आणावयाचे तरी कोठून? आणि सफाईदार निबंध लिहिणाऱ्याचें यंत्र सफाईनें पळेलच, अशी खात्री कोणत्या समितीनें द्यावी?

या निवडीचें मोल किती असूं शकतें, तें चतुष्पाद यंत्रांच्या विभागांत विशेष दिसून आलें. १९९८ सालीं पॅरिस येथें सोनी कंपनीच्या कुत्र्यासारख्या यंत्रांचे प्रदर्शनीय सामने झाले. त्यांत तीनच संघ बोलाविले होते: ओसाका, अमेरिकेंतील कार्नेगी मेलन आणि पॅरिस येथील एक प्रयोगशाळा. तीं यंत्रें तेव्हां बाजारांत मिळत नव्हतीं. म्हणजे निमंत्रण आलें तर खेळाडू हातीं; न आलें तर कितीही विद्वत्ता असो, ती कागदावरच! पुढील वर्षीं स्टॉकहोम येथें नऊ संघ झाले. नव्यांत ऑस्ट्रेलियाचें न्यू साउथ वेल्स विद्यापीठ होतें. पहिल्याच खेपेस तें उपविजेतें ठरलें, आणि २००० सालीं मेलबर्न येथें, आपल्याच देशांत, विजेतें झालें. सर्वांचीं यंत्रें सारखीं असल्यानें हा विजय पायांचा नव्हे, आज्ञावलीचा होता. माझ्या मतें निवडकर्त्यांच्या पारखीचें यापेक्षां स्वच्छ उदाहरण या इतिहासांत दुसरें नाहीं.

पडद्यावरच्या फुटबॉलांत मात्र वेगळाच पेंच उत्पन्न झाला. १९९९ सालीं कार्नेगी मेलनच्या संघानें आठ सामन्यांत ११० गोल केले व स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं. विजयानंतर त्यांनीं आपल्या आज्ञावलीचा बराचसा भाग इतरांसाठीं खुला केला. पाया आयता मिळाला. त्यावर स्वतःच्या डावपेंचांची इमारत चढवून पोर्तुगालच्या संघानें २००० सालीं ९४ गोल केले आणि तोही अपराजित, निष्कलंक राहिला! आदल्या वर्षींचा विजेता संघ जवळजवळ जसाच्या तसा याच स्पर्धेंत कसोटीचा दगड म्हणून उतरविला होता. त्याला पहिला क्रमांक राखतां आला नाहीं. एका वर्षांत सर्वांची पातळी किती उंचावली होती, हें त्यावरून मोजतां आलें.

परंतु निवडसमितीचें काम याच औदार्यामुळें अवघड झालें. २००३ सालचा विजेता ॲम्स्टरडॅमचा संघ, त्यानेंही आपला पाया सर्वांस दिला व तो घेऊन अनेक नवे संघ उभे राहिले. उत्तम खेळणारा संघ दुसऱ्याचेंच ज्ञान खेळवीत असेल, तर त्याला जागा द्यावी, कीं अडखळत खेळणाऱ्या पण सर्वस्वीं स्वतःच्या बुद्धीनें घडविलेल्या संघाला? २००६ सालीं सोनीनें आपल्या कुत्र्याचें उत्पादन बंद केलें, आणि २००८ पासून ‘नाओ’ नांवाचीं दोन पायांचीं फ्रेंच यंत्रें मैदानावर आलीं. तेथेंही जर्मनींतील ब्रेमेनचा ‘बी-ह्यूमन’ संघ २००९ ते २०११ अशीं तीन वर्षें सलग जिंकला, आणि आपली आज्ञावली प्रसिद्ध करीत राहिला. त्या विभागांत मग असें ठरलें कीं, दुसऱ्याचें घ्यावयास हरकत नाहीं. मात्र कोणाचें काय घेतलें आणि त्यांत आपली भर कोणती, हें संघानें अर्जांतच स्पष्ट नमूद करावें. त्यामुळें समितीला चित्रणांतील खेळ पाहून भागत नाहीं. उसनें किती आणि पदरचें किती, याचा हिशेब प्रत्येक अर्जागणिक मांडावा लागतो.