रेवसच्या समुद्रावर दिसणारी काळी ढगांची भिंत म्हणजे नेमकं काय?

धरमतर खाडीच्या तोंडाशी असलेल्या रेवस जेट्टीवरून कधीकधी समुद्रावर आडवी, काळीकुट्ट ढगांची कड सरकत येताना दिसते. असे व्हिडिओ ‘ढगांची त्सुनामी’ म्हणून फिरतात. त्सुनामीशी याचा काहीही संबंध नाही. हा शेल्फ क्लाउड.

गडगडाटी ढगातून पाऊस कोसळताना थेंबांचं काही पाणी वाटेतच वाफ होतं आणि हवा गार होते. ही जड हवा खाली आदळून पुढे पसरते आणि समोरच्या उबदार, दमट हवेखाली पाचरीसारखी शिरते. वर ढकललेली दमट हवा थंडावली की ढगाची ही कड तयार होते. म्हणजे ढग दिसतो तो वाऱ्याचा पुढचा काठ! पाऊस बहुतेकदा मागून येतो, वारा आधी.

या अचानक झोताला स्क्वॉल म्हणतात. वाऱ्याचा वेग एकदम ताशी किमान २९ किमीने वाढून ४० किमी किंवा त्याहून जास्त होतो आणि निदान मिनिटभर टिकतो. १० किमीवर दिसणारी कड ताशी ४० किमी वेगाने आली, तर हातात उरतात फक्त १५ मिनिटं. ‘निसर्ग’ चक्रीवादळाची (३ जून २०२०) सूचना आधीच मिळाली होती. स्क्वॉल एवढी सवड देत नाही.

मान्सूनच्या तोंडावर ही कड रेखीव दिसते. भर आषाढात सगळंच आभाळ करडं असतं, त्यामुळे झोत येतोय हे कळणं आणखी अवघड. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी वारा-लाटांत सापडून काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी काहींना वाचवलं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की अशाच वादळी झोतांचा धोका आहे असं समजायचं. बावटा नसला तरी पाण्याकडे पाहा: कडेखाली समुद्रावर पांढऱ्या फेसाची रेघ पुढे सरकत असेल, तर झोत पाण्याला भिडलेला आहे. व्हिडिओ जेट्टीच्या टोकावरून नको, पक्क्या छपराखालून काढा.